आधी ‘किल्ला’ लिहून बघा

‘मला गेम करायचाय’ असं आठवीतलं पोर म्हणालं की घरातून, शेजारून आणि क्लासमधून एकच उत्तर येतं: युनिटी शीक. कुणी जास्त उत्साही असला तर अनरिअल सांगतो. कुणी म्हणतो, आधी सी प्लस प्लस पक्कं कर, गेमचं नंतर बघू. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. उत्तर मात्र चुकीचं आहे आणि त्याने पोराचं नुकसान होतं.

पोराने काय मागितलं होतं ते कुणी ऐकलेलंच नसतं. त्याच्या डोक्यात एक गोष्ट आहे. आजोळचा वाडा, लाईट गेलेली, परसातल्या विहिरीवर रहाट कुरकुरतोय. विहिरीकडे जायचं की आजीला उठवायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि तो जे ठरवेल त्याप्रमाणे पुढचं घडायचं. एवढंच. त्यासाठी युनिटीसारखं त्रिमितीय जग उभं करणारं इंजिन लागत नाही. ते हातात दिलं की पोर सुट्टीभर कॅमेरा कुठे ठेवायचा, उजेड कुठून पाडायचा, ठोकळा जमिनीतून खाली का जातो, हेच शोधत बसतं. सुट्टी संपते तेव्हा स्क्रीनवर एक करडा ठोकळा सरकत असतो. विहीर नाही, आजी नाही. ‘आपल्याला हे जमत नाही’ हा समज मात्र पक्का झालेला असतो.

पहिल्या साधनाकडून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली गोष्ट आठवडाभरात शेवटाला जायला हवी, ती मराठीत नीट दिसायला हवी आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडायला हवी. यात जे बसत नाही ते कितीही नावाजलेलं असो, पहिल्या वर्षी नको.

माझं मत ट्वाइन या साधनाला. ख्रिस क्लिमास यांनी 2009 साली ते लोकांपुढे आणलं. फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी अडत नाही. ज्या शाळेत संगणकाची खोली आहे पण नेट दिवसाआड येतं, तिथेही चालेल. ट्वाइनमध्ये नवी गोष्ट उघडली की समोर निळसर रेघांचा मोकळा फलक येतो आणि मध्ये एक चौकोन. त्या चौकोनात लिहायचं. समजा हे लिहिलं:

लाईट गेली आहे. ओटीवर कंदील आहे, पण काडेपेटी कुठे ते आजीलाच माहीत.
[[आजीला हाक मार]]
[[परसात जा]]

दुहेरी चौकोनी कंसात जे लिहिलं ते वाचणाऱ्यासाठी दुवा झालं. चौकोन बंद केला की फलकावर आपोआप दोन नवे चौकोन उगवतात, एकावर ‘आजीला हाक मार’, दुसऱ्यावर ‘परसात जा’, आणि पहिल्या चौकोनातून त्यांच्याकडे बाण जातात. आता ते उघडायचे आणि त्यांत लिहायचं. पहिल्या दिवशी शिकायचं ते इतकंच. तासाभरात पोराच्या हातात चालणारी गोष्ट असते. लहान असते, कच्ची असते, पण चालते. हे सुख पहिल्याच दिवशी मिळालं पाहिजे, यावर मी अडून बसणार आहे.

ट्वाइन बालवाडीचं खेळणं आहे, असं नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी लक्षात घ्यावं की नेटफ्लिक्सवर 2018 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिरर’ मालिकेतल्या ‘बँडरस्नॅच’ या प्रेक्षकानेच वाट निवडायच्या चित्रपटाची वळणं आखायला लेखक चार्ली ब्रूकर यांनी ट्वाइनच वापरलं होतं. ज्यांच्यामागे पैसा, माणसं आणि कॅमेरे सगळं होतं, त्यांनाही फांद्यांचा गुंता सोडवायला चौकोन आणि बाणच लागले.

फांद्यांच्या गुंत्यावर थोडं थांबतो, कारण नवशिके बुडतात ते इथे, साधनात नव्हे. प्रत्येक वळणावर दोन पर्याय दिले, पाच वळणं ठेवली, की शेवट होतात 32 आणि लिहायचे चौकोन 63. वळणं दहा केली तर शेवट 1024 आणि चौकोन 2047. वाचणाऱ्याला मात्र एका बैठकीत फक्त अकरा दिसणार. एडवर्ड पॅकार्ड यांचं ‘द केव्ह ऑफ टाइम’ हे 1979 चं पुस्तक या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण. वाचकाने पान निवडायचं, आणि शेवट चाळीस. सॅम काबो ॲशवेल यांनी 2015 साली अशा गोष्टींच्या बांधणीचे नमुने मांडले, तेव्हा नुसत्या फुटत जाणाऱ्या फांद्यांच्या नमुन्याला त्यांनी याच पुस्तकावरून नाव दिलं. त्यांनी मांडलेला दुसरा एक नमुना नवशिक्याने पाठ करावा असा आहे. फांद्या फुटतात, थोडं वेगवेगळं घडतं, मग सगळ्या वाटा एका अरुंद तोंडाशी पुन्हा एकत्र येतात आणि तिथून पुन्हा फुटतात.

आपल्या वाड्यात ते असं दिसेल. कंदील घेऊन परसात गेलात किंवा अंधारात चाचपडत गेलात, तरी विहिरीच्या काठाशी पोचणारच. चौकोन एकच. फरक असा की कंदील घेतला होता हे ट्वाइनला लक्षात ठेवायला सांगायचं. त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे, ती एक खूण ठेवते. काठावर आलं की ट्वाइन खूण तपासतं: कंदील असेल तर पाण्यात वाकलेला चेहरा दिसतो, नसेल तर फक्त पाणी हलल्याचा आवाज येतो. एक खूण आणि दोन ओळी, एवढ्यात वाचणाऱ्याला वाटतं की आपण मघाशी केलेलं गोष्टीने ध्यानात ठेवलं. अशी आठवण ठेवणं हाच परस्परसंवादी गोष्टीचा प्राण आहे. ज्या क्लासात दोन महिन्यांत हे शिकवत नाहीत आणि ठोकळ्यावर प्रकाश पाडायला शिकवतात, तिथली फी परत मागावी.

आता मराठीकडे येतो. या जागी मी कुणाचीही गय करायला तयार नाही.

कुठलंही साधन उतरवलं की ट्युटोरियल बघण्याआधी, पात्राचं चित्र काढण्याआधी, त्यात एक ओळ लिहा: ‘दुसऱ्या दिवशी किल्ल्यात स्त्रियांची गर्दी.’ मग डोळे बारीक करून बघा. ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी आली का? ‘ल्ल्या’ एकसंध दिसतं का, की लंगड्या ‘ल’ची रांग लागली आहे? ‘स्त्रि’ जुळलं का? ‘गर्दी’चा रफार डोक्यावर चढला का? ‘दुसऱ्या’तला अर्धा ‘ऱ’ शाबूत आहे का? देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने टंकतो त्या क्रमाने दिसत नाहीत. ती जुळवून मांडायला साधनाच्या पोटात वेगळी यंत्रणा लागते. ती नसेल तर ‘किल्ला’ हा शब्द हाडं मोडल्यासारखा दिसतो. युनिटीत मजकूर दाखवायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये देवनागरीचे हे हाल वर्षानुवर्षं चालत आले. नवशिक्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मग तो गोष्ट इंग्रजीत लिहायला घेतो, आणि आजीच्या तोंडी असं काहीतरी येतं जे जगातली कुठलीच आजी बोलत नाही. एका फॉन्टपायी आजी गेली. याचा मला राग येतो.

ट्वाइनमध्ये हा त्रास नाही, कारण त्याची गोष्ट म्हणजे शेवटी एक वेबपान आणि ब्राउझरला देवनागरी जुळवता येते. गोडो हे फुकट, खुलं इंजिन. 2023 च्या मार्चमध्ये त्याची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यापासून त्यात जोडाक्षरं नीट बसतात. रेनपाय या साधनातही 2023 पासून तशी सोय झाली. फॉन्टचं म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ फुकट मिळतात, आणि ‘टिरो देवनागरी मराठी’ तर खास मराठी वळणासाठी घडवलेला आहे. आपला ‘ल’ आणि आपला ‘श’ हिंदी छापाचे नकोत असं ज्याला वाटतं त्याने तो घ्यावा. मला वाटतं.

अक्षरं जुळली की पुढचा पेच व्याकरणाचा. तो कुठलंच ट्युटोरियल सांगत नाही, कारण ती इंग्रजीतून आलेली असतात. अशा गोष्टींत वाचणाऱ्याशी ‘तू’ म्हणून बोलायची रीत आहे. इंग्रजीत वाचणारा मुलगा की मुलगी हे क्रियापदाला कळत नाही. मराठीत ‘तू विहिरीत डोकावलास’ म्हटलं की वाचणारी बाहेर पडली. ‘डोकावलीस’ म्हटलं की वाचणारा बाहेर पडला. मग काय करायचं? सुरुवातीलाच विचारून खूण ठेवता येते आणि प्रत्येक ओळ दोन रूपांत लिहिता येते, पण पहिल्या गोष्टीत ते ओझं नको. मराठीनेच वाटा ठेवलेल्या आहेत. ‘तू दार उघडलंस’, ‘तू कंदील उचललास’, ‘तू काडी ओढलीस’ यांत क्रियापद दाराचं, कंदिलाचं, काडीचं ऐकतं; वाचणाऱ्याला हात लावत नाही. ‘तुम्ही डोकावता’ दोघांना चालतं. आज्ञार्थ दोघांना चालतो: ‘परसात जा’, ‘हाक मार’. म्हणून पर्याय नेहमी आज्ञार्थात लिहावेत. ‘तू डोकावशील तर’ हेही चालतं. मराठीतून लिहिणाऱ्याने ही कसरत एकदा केली की त्याला आपल्या क्रियापदांचा असा अंदाज येतो जो व्याकरणाच्या तासाला येत नाही. शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: संगणकाच्या शिक्षकांकडून एक तास मागून घ्या.

मराठीच्या व्याकरणापायीच मी नवशिक्याला इन्फॉर्म सांगत नाही. ते साधन मला फार आवडतं. विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांच्या सत्तरच्या दशकातल्या ‘ॲडव्हेंचर’पासून चालत आलेली परंपरा त्यात आहे: वाचणारा आज्ञा टंकतो, गोष्ट ती समजून घेते. ग्रॅहम नेल्सन यांच्या इन्फॉर्म 7 मध्ये तर लेखकही साध्या इंग्रजी वाक्यांत गेम लिहितो. पण मराठीत ‘विहीर’ ही ‘विहिरीत’, ‘विहिरीवर’, ‘विहिरीला’ होते, ‘दार’ ‘दारामागे’ जाताना ‘दारा’ होतं, आणि वाचणारा यातलं काहीही टंकू शकतो. ही सगळी रूपं ओळखणारी यंत्रणा उभी करणं हे कुणा भाषाप्रेमी प्रोग्रामरने मनावर घ्यावं असं मोठं काम आहे. आठवीतल्या पोराचं नव्हे.

बाकीच्यांबद्दल झटपट.

स्क्रॅच: एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने 2007 साली आणलं. रंगीत ठोकळे जोडत प्रोग्राम तयार होतो. आठ-दहा वर्षांच्या पोराला मांजर उडवायची असेल, चेंडू अडवायचा असेल तर यासारखं दुसरं नाही. लांब गोष्ट मात्र बोलण्याच्या फुग्यांत गुदमरते. वाचायला-लिहायला आवडणाऱ्या मुलीला केवळ वयाने लहान म्हणून स्क्रॅचमध्ये बसवू नका. तिला थेट ट्वाइन द्या.

रेनपाय: टॉम रॉथॅमल यांचं, 2004 पासूनचं. चित्रातली पात्रं समोर उभी राहून बोलतात, मध्ये पर्याय येतात. ज्याला चित्रं काढता येतात किंवा ज्याची मैत्रीण काढते, त्याची दुसरी गोष्ट यात व्हावी. त्यातली आज्ञावली नाटकाच्या संहितेसारखी वाचता येते, पात्राचं नाव आणि पुढे संवाद. नाटकवेड्या महाराष्ट्रात हे साधन इतकं कमी का ओळखलं जातं, याचं मला नवल वाटतं. एकांकिका लिहिणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी याला हात घालावा.

इंक: इंकल या ब्रिटिश स्टुडिओची गोष्टी लिहायची भाषा, 2016 मध्ये सगळ्यांना खुली केलेली. चौकोन नाहीत, बाण नाहीत, नुसतं लिहीत जायचं. ओळीआधी तारांकन टाकलं की पर्याय. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून मेघना जयंत यांनी लिहिलेला ‘80 डेज’ हा 2014 चा गेम याच यंत्रणेवर उभा आहे, आणि शब्दांच्या बळावर काय होऊ शकतं ते पाहायचं असेल तर तो खेळावा. ट्वाइनमध्ये चौकोनांचं जंगल झालं आणि बाण डोळ्यांना सोसेनासे झाले की इंककडे वळायची वेळ झाली.

बिट्सी: ॲडम ल डू यांचं, ब्राउझरमध्येच चालणारं. आठ बाय आठ ठिपक्यांत चित्र, सोळा बाय सोळा चौकटींची खोली. मला ते फार प्रिय आहे, पण त्याच्या स्वतःच्या फॉन्टांत देवनागरी नाही. शब्दांवाचून सांगता येईल अशी गोष्ट सुचली तर जरूर करा.

गेममेकर आणि आरपीजी मेकर: टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ (2015) पहिल्यात झाला, ‘टू द मून’ (2011) दुसऱ्यात. दोन्ही गेम डोळ्यांत पाणी आणतात आणि दोन्हींत ग्राफिक्सचा थाट नाही. पण ही पुढची पायरी आहे, आणि ‘किल्ला’ची परीक्षा इथेही आधी घ्यायची.

मोठ्या इंजिनांबद्दल आणखी एक बाजू आहे, आणि ती पालकांनी ऐकावी. 2023 च्या सप्टेंबरमध्ये युनिटीने जाहीर केलं की ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडल्यावर प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क लागेल. जगभरच्या छोट्या स्टुडिओंनी आरडाओरडा केला. कंपनीने आधी अटी सैल केल्या आणि वर्षभराने, 2024 च्या सप्टेंबरमध्ये, शुल्क मागे घेतलं. नवशिक्याला ते शुल्क लागूच होणार नव्हतं हे खरं. पण आपण आयुष्याची वर्षं ज्या साधनात घालतो त्याचे नियम एका सकाळी कुणीतरी बदलू शकतो, हे त्या वर्षी सगळ्यांना दिसलं. ट्वाइन, इंक, रेनपाय, गोडो यांचा कोड खुला आहे. हातातली आवृत्ती कुणी काढून घेऊ शकत नाही. मुलांना हे शब्दांत सांगा. त्यांना ते कळतं.

‘आता एआयला सांगितलं की तोच गेम करून देतो’ हेही ऐकू येतं. अडलेली आज्ञा त्याला विचारा, खुशाल विचारा. पण आजी काय म्हणेल ते त्याला विचारू नका. आजी आपली आहे.

ट्वाइनचे खाचखळगेही सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच आठवड्यात रडारड व्हायची. ब्राउझरमध्ये ट्वाइन वापरलंत तर गोष्ट त्या ब्राउझरच्याच पोटात राहते. घरातल्या कुणी ‘साफसफाई’ म्हणून ब्राउझरची माहिती पुसली की गोष्ट गेली. म्हणून संगणकावर उतरवून वापरा, आणि रोज उठताना तयार झालेली फाइल दुसरीकडे ठेवा. खुणांची नावं रोमन अक्षरांत ठेवा, मजकूर मराठीत. ट्वाइन वेगवेगळ्या धाटण्या देतं, हार्लो, शुगरक्यूब, चॅपबुक. पहिल्यांदा जी पुढ्यात येते तीच ठेवा, कुठली चांगली यावर आठवडा घालवू नका. आणि चित्रं, आवाज पहिल्या गोष्टीत नकोतच. नुसत्या शब्दांची गोष्ट एका फाइलीत मावते. चित्रं घातली की ती बाहेर राहतात, फाइल पाठवली की चित्रांच्या जागी फुटक्या चौकटी दिसतात.

गोष्ट झाली की ती एक फाइल व्हॉट्सॲपवर मावशीला, मित्राला पाठवता येते. काही फोनवर ती उघडताना कुरकुर होते. तेव्हा इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर फुकट खातं काढून तिथे चढवावी आणि दुवा पाठवावा. दुवा सगळीकडे उघडतो. मावशी सोलापुरात असो की सिडनीत, तिला वाड्यातली तीच ओटी दिसते.

पाठवून मोकळं होऊ नका मात्र. निदान दोघांना समोर बसवा, फोन त्यांच्या हातात द्या आणि स्वतः गप्प राहा. ‘अगं, इथे दाब’ असं म्हणायचं नाही. त्यांचं बोट कुठे घुटमळतं, कुठला पर्याय ते वाचतच नाहीत, कुठे हसतात, कुठे कंटाळून वेळ बघतात, हे वहीत लिहा. विहिरीशी पोचायच्या आधीच दोघांनी फोन परत केला तर विहीर अलीकडे आणा. मधले चौकोन काढून टाका, ते कितीही छान लिहिलेले असले तरी, आणि त्याच संध्याकाळी तिसऱ्याला वाचायला बसवा.